पाठीवरच्या गाठीचं ऑपरेशन झालं, पोरगं कोरडंही राहतंय, पण किडनीचं काय? (कोल्हापूर आणि आसपासचे लोक, लिहा)

रंकाळावेस

सरळ मुद्द्यावर येतो. मी जन्मजात स्पायना बायफिडावाला (पोटात असताना मणक्याची नळी नीट मिटलेली नसते), मायलोमेनिंगोसील म्हणजे पाठीवर उघडी गाठ घेऊनच आलेला, जन्मल्याबरोबर ऑपरेशन झालं, आता पस्तिशी उलटली, एका पायात कॅलिपर, बाजूला जादा चाकं लावलेली गाडी चालवत राजारामपुरीत नोकरीला जातो, चाललंय बरं. धागा काढायचं कारण असं की आपल्याकडं या आजारात सगळी चर्चा पायांची. पोरगं चालणार का, बूट कुठं मिळतात, फिजिओ किती दिवस. डोक्यात पाणी साठलेलं असेल तर ते काढून देणाऱ्या नळीची, शंटची. लघवीचं नाव निघालं की घरात सगळे गप्प आणि फार तर डायपर कुठला चांगला इथवर गाडी येते. आणि मोठेपणी आपल्याला गोत्यात आणणारी गोष्ट नेमकी हीच आहे, पाय नव्हे.

कसं होतं ते मला समजलं तसं सांगतो, डॉक्टर लोकांनी दुरुस्त करा. लघवीच्या पिशवीला आणि तिच्या खालच्या झडपेला जाणाऱ्या नसा मणक्याच्या अगदी खालून निघतात, माकडहाडाच्या जरा वरून. गाठ बहुतेक वेळा कमरेतच असते, त्यामुळं पाय थोडेफार वाचले तरी या नसा सहसा वाचत नाहीत. मग दोघांचा मेळ बसत नाही. पिशवी आवळते त्याच वेळी झडपही आवळते. राधानगरीचे दरवाजे कसे, पाण्याचा दाब आला की आपोआप उघडतात, इथं ते उघडतच नाहीत आणि फुगवटा मागं चढत जातो, पिशवीतनं नळीत आणि नळीतनं किडनीत. याला रिफ्लक्स म्हणतात. पिशवी वर्षानुवर्षं जोर लावून जाड आणि ताठ होते, मग थोडी लघवी साठली तरी आत प्रेशर जास्त. १९८१ साली मॅकग्वायर नावाच्या अमेरिकन युरॉलॉजिस्टनं दाखवलं की लघवी गळायला लागते त्या क्षणी पिशवीतलं प्रेशर ४० सेंटिमीटर पाण्याच्या वर असेल तर त्या मुलांच्या किडन्या पुढं बिघडतात. आता डॉक्टर म्हणतात की ४० च्या खाली म्हणजे निर्धास्त असंही नाही, पण आकडा डोक्यात ठेवायला बरा.

आता खरी गोम. कोरडं राहणं म्हणजे किडनी चांगली असणं नव्हे. उलट झडप लई घट्ट असेल तर पोरगं मस्त कोरडं राहतं, आईबाप खुश, आणि आत प्रेशर चढत असतं. सतत गळणाऱ्या पोराची किडनी कधी कधी जास्त सुरक्षित असते कारण लघवीला बाहेर वाट मिळालेली असते. आणि किडनी दुखत नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीसाठी रक्तात बघतात तो आकडा, तो पण किडनीचं निम्मं काम बंद पडेपर्यंत नॉर्मलच्या रकान्यात बसलेला असतो. त्यातनं आपल्यासारख्यांच्या पायात मांस कमी. क्रिएटिनिन स्नायूंतनं तयार होतं, म्हणजे आपला आकडा मुळातच कमी येणार आणि रिपोर्ट वाचणारा म्हणणार छान आहे. म्हणून सिस्टॅटिन सी नावाची तपासणी विचारून घ्या, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

लहानपणी मुलांच्या सर्जननी मला व्यवस्थित धरून ठेवलं होतं. अठरा पूर्ण झाली आणि म्हणाले आता मोठ्यांच्या डॉक्टरकडं जा. मोठ्यांच्या ओपीडीत प्रोस्टेटवाल्या काकांच्या रांगेत बसलो, नंबर आला, आत म्हणाले तुमची तक्रार काय. तक्रार काही नाही, मी तपासायला आलोय. मग कशाला आलाय? हॉस्पिटलचं नाव घेत नाही, कुठंही हेच होतं. तुमचे काय अनुभव, लिहा. लाजू नका, इथं कोण कुणाला ओळखत नाही.

ऊसवाला_कागल

दादा माझा भाचा सहा वर्षाचा आहे, पाठीत गाठ होती ती कातडीनं झाकलेली होती, चरबीची, ऑपरेशन झालंय. पाय एकदम ओके, पळतोय, क्रिकेट खेळतोय. फक्त चड्डी सारखी ओली. आमची म्हातारी म्हणते मोठा झाला की थांबेल, तिच्या दिरालाबी तसंच होतं म्हणे. लघवीला गेला की थोडी धार येते आणि परत दहा मिनिटात ओला. डॉक्टरला दाखवलं नाही अजून या कामासाठी.

रंकाळावेस

@ऊसवाला, भावा म्हातारीचा मान राखून सांगतो, वाट बघू नका. लायपोमेनिंगोसील असणार बहुतेक, पाय चांगले असल्यामुळं हीच मुलं मागं राहतात, कुणाला संशयच येत नाही. थोडी धार आणि सारखं ओलं म्हणजे पिशवी कधी रिकामीच होत नसेल आणि भरून सांडत असेल. सहा वर्षाच्या पोराची पिशवी साधारण २१० मिली, हिशोब सोपा आहे, वय अधिक एक गुणिले तीस. लघवी केल्यावर आत किती उरते ते साध्या सोनोग्राफीत दिसतं, तिथनं सुरुवात करा. मुलांचा युरॉलॉजिस्ट नाहीतर मुलांचा सर्जन.

गडहिंग्लजची_आई

माझी मुलगी आता नववीत आहे, तिची सीआयसी पहिलीत असल्यापासून चालू आहे, म्हणून लिहिते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सीआयसी म्हणजे ठरलेल्या वेळेला बारीक नळी घालून पिशवी पूर्ण रिकामी करायची आणि नळी काढून टाकायची. कायम लावून ठेवायची नळी वेगळी, तिची भीती सगळ्यांना असते आणि दोन्हीत गल्लत होते.

पहिल्यांदा डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी घरी येऊन रडले हो. सासूबाई म्हणाल्या पोरीच्या जातीला असलं कुठं करतात का. नवरा म्हणाला इन्फेक्शन होईल. मला ज्या सिस्टरनी शिकवलं त्यांनी एकच सांगितलं, हात साबणानं स्वच्छ धुवायचे, बास, ग्लोव्ह्ज लागत नाहीत, निर्जंतुक खोली लागत नाही. १९७२ मध्ये लॅपिडिस नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हे दाखवून दिलं होतं म्हणे, की जंतूंपेक्षा पिशवी फुगलेली राहणं जास्त वाईट. तोपर्यंत सगळं ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक करूनच करायचे.

सुरुवातीला मी करायचे. चौथीत असताना तिनं स्वतः शिकून घेतलं, छोटा आरसा दोन पायांच्या मध्ये ठेवून. चार-पाच दिवस चिडचिड, मग तिला आरसाही लागेना, बोटानं जागा चाचपून घालते. तिच्या दप्तरात एक कापडी पाऊच असतो, त्यात नळ्या, जेलीची ट्यूब, ओले पुसायचे कागद, एक जादा चड्डी आणि एक झिपवाली प्लास्टिकची पिशवी. वर बटणाचं फुलपाखरू शिवलंय तिच्या मावशीनं, त्यामुळं मैत्रिणींना वाटतं मेकअपचा आहे. शाळेत बाईंना सांगून स्टाफचा संडास वापरायची परवानगी घेतली, कारण मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती. कडी नाही म्हणून मुलगी दुपारचं टाळायची आणि ते आम्हाला ताप आल्यावर कळलं. शाळेत जाऊन कडी, खुंटी आणि नळाला पाणी ह्या तीन गोष्टी आधी बघा, मग ॲडमिशन घ्या.

आणखी एक, लॅटेक्स. या मुलांना रबराची ॲलर्जी फार असते, सारखी ऑपरेशनं होऊन रबराचे हातमोजे लागून लागून ती तयार होते. हिला वाढदिवसाला फुगा फुगवताना ओठ सुजले तेव्हा लक्षात आलं. लाल रबराची नळी घेऊ नका, पीव्हीसी किंवा सिलिकॉनची घ्या, आणि कुठल्याही ऑपरेशनच्या आधी, दाताच्या डॉक्टरलासुद्धा, आधी सांगा. काहींना केळं, पपई, किवी यानंसुद्धा त्रास होतो.

काढेवाले_आबा

सगळ्यांचे अनुभव वाचले. पोरांना इतक्या नळ्या घालायच्या म्हणजे ऐकवत नाही. आमच्याकडं गोखरू आणि पुनर्नव्याचा काढा, सकाळी धन्याचं पाणी, दुपारी बार्लीचं पाणी. मूत्राशय मोकळं होतं, जंतू वाहून जातात. माझ्या साडूचा मुतखडा यानंच गेला. ॲलोपॅथीवाले आयुष्यभर अडकवून ठेवतात.

सिस्टर_शाहूपुरी

आबा, रागावू नका. युरॉलॉजीच्या वॉर्डात बरीच वर्षं नोकरी केली म्हणून बोलते. साडूंचा मुतखडा गेला, चांगलं झालं. पण त्यांच्या पिशवीच्या नसा शाबूत होत्या. इथं नसच जोडलेली नाही, काढ्यानं नस जोडली जात नाही. काढ्यानं लघवी जास्त होईल आणि ती बाहेर पडायला वाट नसेल तर ती जाणार कुठं? वर. पाणी भरपूर प्या हे सगळेच सांगतात पण ते अर्धं वाक्य आहे. जास्त पाणी प्यायचं तर नळी जास्त वेळा घालायची. तीन लिटर पाणी आणि दिवसातनं तीनदा नळी, असा हिशोब ठेवला तर पिशवी ताणली जातेच. मोठ्या माणसाची एका वेळची लघवी ४००-५०० मिलीच्या वर जायला नको, म्हणजे दिवसातनं चार ते सहा वेळा नळी. घरात एक मापाचा जग ठेवा आणि महिन्यातनं दोन दिवस वहीत लिहा, किती वाजता, किती मिली, मधल्या वेळात ओलं झालं का. ही वही डॉक्टरसमोर उघडली की डॉक्टर दहा प्रश्न कमी विचारतात.

आता इन्फेक्शनचं. यात मला सगळ्यात जास्त गोंधळ दिसतो. नळी घालणाऱ्या माणसाच्या लघवीत जंतू असणारच. कल्चर केलं की पॉझिटिव्ह येणारच. ताप नाही, कमरेत दुखत नाही, उलटी नाही, लघवीतनं रक्त नाही, अचानक गळायला लागलेलं नाही, माणूस ठणठणीत आहे, तर त्या जंतूंना औषध द्यायचं नसतं. आमच्याकडं लोक हौसेनं दर महिन्याला कल्चर करून घ्यायचे, मेडिकलमधनं गोळ्या घ्यायचे, आणि खरंच ताप भरला की रिपोर्टवर सगळ्या गोळ्यांपुढं आर, म्हणजे रेझिस्टंट. मग सलाईनमधनं भारी औषध आणि ॲडमिट. लघवीला वास येतोय, गढूळ दिसतेय, एवढ्यावरनं अँटिबायोटिक घेऊ नका, पाणी वाढवा आणि नळीच्या वेळा वाढवा. पण थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखलं, तर त्याच दिवशी जायचं, रात्र काढायची नाही. रिफ्लक्स असताना ताप म्हणजे जंतू किडनीपर्यंत पोचल्याची शक्यता असते आणि तिथं प्रत्येक वेळी व्रण राहू शकतो.

काढेवाले_आबा

बरं बाई. पण क्रिएटिनिन वाढल्यावर आमची औषधं चालतात हे मी पाहिलेलं आहे.

सिस्टर_शाहूपुरी

क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर तुमचं असो, आमचं असो, किडनीच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय कुठलंच औषध नको. त्यात भस्मं तर नकोच, काहींत शिसं-पारा सापडलेला आहे. आणि आपल्याकडं जे सर्रास चालतं ते म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. कॅलिपर घालून कंबर भरून येते, मग रोज एक डायक्लोफिनॅक. ती किडनीला काढ्यापेक्षा कमी घातक नाही.

उद्यमनगर_बॉय

युरोडायनॅमिक्स, म्हणजे पिशवीतलं प्रेशर मोजायची तपासणी, करायला सांगितलंय मला २४ व्या वर्षी. लहानपणी झालं होतं म्हणे. लई दुखतं का? खरं सांगा.

रंकाळावेस

दुखत नाही, लाज वाटते. दोन बारीक नळ्या, एक लघवीच्या जागी आणि एक शौचाच्या जागी, पोटातलं प्रेशर वजा करायला. मग सलाईन हळूहळू पिशवीत सोडतात. समोर स्क्रीनवर रेषा सरकत असतात, टेक्निशियन मधनं मधनं खोका म्हणतो, तुम्ही खोकता आणि दोन रेषा एकदम टोक काढतात, म्हणजे नळ्या जागेवर आहेत. मग भरत भरत जातं. कधी भरल्यासारखं वाटतंय ते सांगा म्हणतात, आता आपल्याला काय डोंबल वाटणार, मी पोटात गच्च झालं की सांगतो. माझ्या शेवटच्या वेळी १८० ला पिशवीची रेषा आपोआप वर गेली, कुणी काही न करता, आणि तिथंच गळायला सुरुवात झाली. डॉक्टर म्हणाले पिशवी स्वतःहून आवळतेय आणि प्रेशर जास्त आहे. बाहेरनं मला काहीच कळलेलं नव्हतं, मी त्याच दिवशी सकाळी गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन आलेलो.

त्यानंतर ऑक्सिब्युटिनिन. पिशवी शांत होते. पण तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, आणि घाम कमी येतो. एप्रिल-मेच्या उन्हात हे लक्षात ठेवा, लहान पोरांना अंग तापून चक्कर येते, लोक ताप समजतात. मला सोसलं नाही म्हणून सोलिफेनासिनवर बदललं. काहींना मिराबेग्रॉन देतात, त्यात बीपी बघावं लागतं. गोळ्यांनी भागलं नाही तर पिशवीच्या भिंतीत बोटॉक्स. चेहऱ्याचंच ते. परिणाम साधारण सहा ते नऊ महिने टिकतो, मग परत.

आणि पोट साफ ठेवा. आतडं गच्च भरलेलं असेल तर पिशवीला जागाच राहत नाही, गळती वाढते, इन्फेक्शन वाढतं. यावर वेगळा धागा निघेल एवढं आहे.

यंत्रमाग_इचलकरंजी

ज्यांचं गोळ्या-बोटॉक्सनंपण होत नाही त्यांचं पुढचं स्टेशन मी. आतड्याचा तुकडा लावून पिशवी मोठी करून घेतली, कॉलेजात असताना, मुंबईला. बरोबर मित्रोफानॉफ पण केलं, म्हणजे अपेंडिक्सचा बोगदा करून बेंबीतनं वाट काढली, नळी तिथनंच घालतो. १९८० मध्ये फ्रान्समधल्या मित्रोफानॉफ डॉक्टरांनी काढलेली आयडिया. व्हीलचेअरवर बसल्या बसल्या, पँट न काढता होतं. माझ्यासाठी सगळ्यात मोठी सुटका ती. एसटी स्टँडवरचं व्हीलचेअरला न मिळणारं संडास शोधायचं टेन्शन संपलं, कोपरा बघायचा, बाटली काढायची.

पण हे ऑपरेशन म्हणजे सगळं मिटलं असं कुणी सांगत असेल तर खोटं. आतडं आपला धर्म सोडत नाही, चिकट शेंबूड सोडत राहतं, तो रोज सलाईननं धुऊन काढावा लागतो नाहीतर नळी तुंबते आणि खडे धरतात. मला खडा झाला, परत टेबलावर. वर्षाला बी-१२ बघायचं, रक्तातला आम्लपणा बघायचा कारण आतडं लघवीतनं आम्ल परत शोषतं. बऱ्याच वर्षांनी तिथं कॅन्सरचा धोका असतो म्हणून लघवीतनं रक्त आलं तर दुर्लक्ष नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नळी चुकली आणि पिशवी खूप भरली तर ती फुटू शकते. आपल्याला नीट दुखतसुद्धा नाही, फक्त पोट फुगतं, कसंतरी वाटतं, कधी खांदा दुखतो, ताप. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला हे सुचणार नाही, आपणच सांगायचं, माझी पिशवी आतडं लावलेली आहे, फुटलीय का बघा. मी पाकिटात चिठ्ठी ठेवतो लॅमिनेट करून, ऑपरेशन कधी, कसलं, लॅटेक्स नको, घरचा नंबर.

उद्यमनगर_बॉय

नाद खुळा माहिती. चिठ्ठी मी पण करणार.

डायलिसिस_ड्यूटी

बराच वेळ वाचतोय, लिहू का नको करत होतो. मी डायलिसिसच्या मशीनवर काम करतो. आमच्याकडं बहुतेक सगळे शुगर-बीपीचे म्हातारे. मधूनच एखादं तिशीच्या आतलं पोरगं येतं, बारीक पाय, पाठीवर जुना व्रण. फाईल बघितली तर लहानपणीचे कागद जाडजूड आणि मध्ये दहा-बारा वर्षं कोरी. विचारलं तर म्हणतात काही त्रासच नव्हता, नोकरी लागली, सोनोग्राफी राहून गेली. आठवड्यातनं तीनदा चार-चार तास खुर्चीत बसल्यावर माणूस हिशोब घालतो, वर्षातनं एकदा पोटावर जेली लावून घ्यायला किती वेळ लागला असता. किडनी बदलायची म्हटलं तरी आधी पिशवीचं प्रेशर सुधारावं लागतं, नाहीतर नवीन किडनीपण त्याच वाटेनं जाते.

बीपी मोजा. तरुण आहे म्हणून कुणी मोजत नाही. आणि लघवीत प्रोटीन जातंय का ही साधी तपासणी. बीपी वाढणं किंवा प्रोटीन जाणं हे किडनीवर व्रण असल्याचं पहिलं लक्षण असू शकतं, क्रिएटिनिन हलायच्या आधी.

गडहिंग्लजची_आई

दादा तुमचं वाचून आत्ताच मोबाईलमध्ये रिमाइंडर लावला. आमचं डीएमएसए स्कॅन झालं होतं पाचवीत, त्यात डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला व्रण दिसला होता. ते परत करायचं असतं का?

सिस्टर_शाहूपुरी

दरवर्षी नाही. मधे तापाचं मोठं इन्फेक्शन झालं असेल किंवा सोनोग्राफीत काही बदल दिसला तर डॉक्टर सांगतात. सोनोग्राफी मात्र वर्षाला, लहान बाळांची त्याहून लवकर लवकर. आणि ताई, मुलगी नववीत म्हणजे उंची वाढायचं वय. या वयात मणक्याची दोरी खाली चिकटलेली असेल तर ती ताणते, टेदर्ड कॉर्ड. अचानक गळती वाढली, पूर्वी चार तास टिकायची ती दोन तासात ओली व्हायला लागली, पाय ओढायला लागली, कंबर दुखायला लागली, पाठीला बाक आला, तर लघवीचं इन्फेक्शन म्हणून गोळ्या घेत बसू नका, न्यूरोसर्जनला दाखवा आणि युरोडायनॅमिक्स परत करा. पिशवी बऱ्याचदा पायांच्या आधी बोलते.

कळंबा_कन्या

वेगळा आयडी काढून लिहितेय. मला स्वतःला स्पायना बायफिडा आहे, चालते, सीआयसी करते, क्रिएटिनिन नॉर्मल. लग्न ठरतंय. सासरी सगळं सांगितलंय, मुलगा समजूतदार आहे, म्हणाला दवाखान्यात बरोबर येतो. प्रश्न मुलाबाळाचा आहे. माझ्यासारखं बाळ होईल का, आणि किडनीला झेपेल का?

सिस्टर_शाहूपुरी

आधी अभिनंदन. आईला किंवा वडिलांना असेल तर बाळाला होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, पण तरी बहुतेकांची बाळं व्यवस्थित असतात. फोलिक ॲसिड लग्नानंतर "राहिल्यावर" नाही, आधीपासून. मणक्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आसपास मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं कळेपर्यंत काम झालेलं असतं. सगळ्या बायकांना रोज ४०० मायक्रोग्रॅम सांगतात, तुझ्यासारखीला त्याच्या दहापट. इंग्लंडच्या १९९१ च्या मोठ्या अभ्यासात ४ मिलीग्रॅमनं, आधी असं बाळ झालेल्या बायकांमध्ये परत तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं होतं. आपल्याकडं ५ मिलीग्रॅमची साधी गोळी मिळते, स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून किमान दोन-तीन महिने आधी सुरू कर. फिटची गोळी चालू असेल, विशेषतः व्हॅल्प्रोएट, तर ते आधी सांग, ती या बाबतीत वाईट. पिशवीसाठीच्या गोळ्या पण दाखवून घे.

किडनीचं म्हणशील तर लग्नाआधी नाही तरी दिवस राहायच्या आधी सोनोग्राफी, बीपी, लघवीतलं प्रोटीन आणि सिस्टॅटिन सी करून ठेव. गरोदरपणात इन्फेक्शन जास्त होतात, तिथं मात्र लक्षणं नसली तरी जंतू सापडले तर औषध देतात, मी वर लिहिलेला नियम त्या नऊ महिन्यात लागू नाही. पोट वाढलं की नळी घालायला आरसा परत काढावा लागतो. आणि यंत्रमागदादांसारखं आतडं लावलेलं असेल तर लघवीवरची प्रेग्नन्सी टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, रक्ताची करायची.

कळंबा_कन्या

थँक्यू सिस्टर. इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं, आतापर्यंत "देवावर सोडा" आणि "मूल कशाला पाहिजे" हे दोनच सल्ले मिळाले.

ऊसवाला_कागल

खर्चाचं काय करायचं. नळ्या रोज पाच म्हणजे महिन्याला दीडशे नळ्या. गुळाला भाव नाही यंदा.

गडहिंग्लजची_आई

साधी पीव्हीसीची नळी स्वस्त असते, वरून निसरडा थर असलेली तयार नळी महाग, आम्ही साधीच वापरतो. बऱ्याच घरात एक नळी साबणानं धुऊन, आतनं पाणी सोडून, झटकून वाळवून परत वापरतात. किती दिवस ते तुमच्या डॉक्टरना विचारा, आणि कडक झाली, डाग पडला की फेकायची. होलसेलमधनं खोकं आणलं की स्वस्त पडतं.

रंकाळावेस

मामा, भाचा सहा वर्षाचा आहे ना, मग राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बसतो, अठरा वर्षापर्यंत. २०१३ पासून आहे, जन्मजात दोषांच्या यादीत मणक्याच्या नळीचा दोष आहे. अंगणवाडीत-शाळेत तपासायला पथक येतं तेच, त्यांच्याकडनं चिठ्ठी घेऊन जा म्हणजे जिल्ह्याला पाठवतात. सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी हॉस्पिटलात, चौकशी करा. ऑपरेशन लागलं तर महात्मा फुले योजनेत कुठलं बसतं ते त्या त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारायचं. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढा, पाय चांगले आहेत म्हणून मिळणार नाही असं धरून बसू नका, निदान अर्ज तर करा. आणि उचगावला हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड ही संस्था आहे, नसीमा हुरजूक यांनी सुरू केलेली. त्या स्वतः व्हीलचेअरवर, आपल्यासारख्यांचं दुखणं तिथं समजावून सांगावं लागत नाही.

यंत्रमाग_इचलकरंजी

रात्रीचं कुणी लिहिलं नाही. रात्री आठ-नऊ तास पिशवी भरलेली राहते, दिवसभर कितीही नेटानं केलं तरी. माझ्या किडन्यांना सूज होती तेव्हा डॉक्टरनी रात्री नळी लावून तिला बाहेर युरिन बॅग जोडून झोपायला सांगितलं होतं, सकाळी काढायची. काही महिन्यांत सोनोग्राफीत फरक दिसला. सगळ्यांना लागत नाही, पण किडनीला सूज लिहून आली असेल तर विचारा.

रंकाळावेस

बरोबर. आणि आणखी एक, रिपोर्टचे फोटो काढून ठेवा, थर्मल पेपरवरची सोनोग्राफी दोन वर्षात पुसट होते. किडनीची लांबी, सूज कुठल्या ग्रेडची, पिशवीची भिंत किती मिलिमीटर, उरलेली लघवी किती, एवढं एका कागदावर वर्षवार उतरवा. नवीन डॉक्टरला फाईल वाचायला वेळ नसतो, एक कागद वाचतो.

ऊसवाला_कागल

दादा सोमवारची वेळ मिळाली सोनोग्राफीची, मुलांच्या सर्जनची पण त्याच दिवशी. उपाशी न्यायचं का पाणी पाजून? म्हातारी पण येते म्हणाली.

सिस्टर_शाहूपुरी

पाणी पाजून. पिशवी भरलेली असताना एकदा बघतील, मग लघवी करायला सांगून लगेच परत एकदा. ते दुसऱ्यांदा बघायचं राहून जातं गर्दीत, तुम्ही आठवण करा आणि "लघवीनंतर उरलेली इतकी मिली" हे रिपोर्टवर लिहून घ्या. दोन दिवस आधीपासून पोट साफ आहे ना ते बघा. आजींना जरूर न्या, डॉक्टरांकडून ऐकलं की घरात परत वाद राहत नाही. जादा चड्ड्या दोन न्या.